खणेल त्याची खाण? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बॅटरीवर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीतून सोनं, तांबं किंवा लिथियम काढलं तर केंद्राला एक पैशाचीही रॉयल्टी (निघालेल्या मालातला वाटा) द्यावी लागत नाही आणि याला कारण 1872 चा एक कायदा. लेख होता बॅटरीवर, पत्रं आली सगळी त्या एका वाक्यावर. कोणी चिडून लिहिलंय, कोणाला विश्वासच बसेना, एकांनी तर थेट तिकडे जाऊन खाण घेता येईल का असं विचारलंय (त्यांचं उत्तर शेवटी आहे, धीर धरा). म्हणून यावेळी सदर याच विषयाला दिलं.

प्रश्न: ताई, ती छपाईची चूक आहे असंच मी धरून चाललोय. जगातला सगळ्यात व्यवहारी देश आपलं सोनं असं फुकट कसं वाटेल?

काका, चूक नाहीये. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा असंच वाटलं होतं.

झालं काय, 1849 ची कॅलिफोर्नियाची सोन्याची झुंबड आठवा. हजारो माणसं खोरं-फावडं घेऊन पश्चिमेला धावली, कायदा असा काही नव्हताच, मग खाणकऱ्यांनी आपापल्या छावणीत नियम केले की जो आधी शोधेल आणि खणत राहील त्याची जागा. कसेल त्याची जमीन तसं खणेल त्याची खाण. 10 मे 1872 ला राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी सही केली त्या कायद्यात याच छावणीच्या नियमांना सरकारी शिक्का बसला. गंमत बघा, त्याच वर्षी 1 मार्चला याच ग्रँटसाहेबांनी यलोस्टोनला जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान करणाऱ्या कायद्यावरही सही केली होती. अडीच महिन्यांत दोन सह्या, एक जमीन राखायची आणि एक जमीन उचलून न्यायची, आणि तेव्हा त्यात कोणाला काही विसंगत वाटलं नसावं कारण जमीन संपेल असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

कायदा चालतो कसा ते सांगते. सरकारी मोकळ्या जमिनीवर तुम्हाला धातूची शिर सापडली की जास्तीत जास्त 1500 फूट लांब आणि 600 फूट रुंद असा तुकडा आखायचा, कोपऱ्यांवर खुंट रोवायचे आणि जागेवर नोटीस लावायची. जुन्या काळी ती नोटीस पावसानं भिजू नये म्हणून तंबाखूच्या रिकाम्या डब्यात घालून खुंटाला अडकवायचे. मग 90 दिवसांत काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) आणि केंद्राच्या जमीन खात्यात नोंद करायची. झाला क्लेम. हल्ली त्याला वर्षाला 200 डॉलर फी आहे, बस. खाली कोट्यवधींचं सोनं निघालं तरी केंद्राची रॉयल्टी शून्य. कंपन्या इन्कम टॅक्स भरतात, पण तो कोण भरत नाही? राज्यं आपापला कर लावतात, नेवाडानं 2021 मध्ये मोठ्या सोन्या-चांदीच्या खाणींवर शाळांसाठी वेगळा कर बसवला, पण जमीन ज्याच्या नावावर त्या केंद्राच्या हातात त्या सोन्याचा वाटा म्हणून काही येत नाही.

आणि अजून एक कळस. कायद्यात जमीन विकत घ्यायचीही सोय होती, एकराला अडीच किंवा पाच डॉलर, 1872 चाच भाव, तो कधी बदललाच नाही. 1994 मध्ये नेवाडातली सुमारे 10 अब्ज डॉलरचं सोनं पोटात असलेली जमीन बॅरिक या कॅनडाच्या कंपनीला 10 हजार डॉलरपेक्षाही कमी पैशात द्यावी लागली. तेव्हाचे मंत्री ब्रूस बॅबिट अजिबात राजी नव्हते, पण कोर्टाचा हुकूम होता, सही करावी लागली. त्याच वर्षी संसदेनं अशा विक्रीला स्थगिती दिली. स्थगिती हं, कलम रद्द नाही. दरवर्षी बजेटच्या बिलात ती पुन्हा घालावी लागते, 30 वर्षं होऊन गेली तरी हे घोंगडं भिजतच पडलंय.

प्रश्न: मी एसवायला आहे. मॅम, सोन्याचा जुना कायदा आणि क्लायमेट चेंज यांचा संबंध मला खरंच लागत नाही, परीक्षेत येईल म्हणून नाही, असंच विचारतोय.

असंच विचारलेले प्रश्न जास्त चांगले असतात. संबंध असा आहे की कोळसा, तेल, वायू आज 1872 च्या कायद्याखाली येत नाहीत. 1920 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा लीजचा कायदा आला. म्हणजे कोळसा सरकारी जमिनीतून काढायचा तर सरकारकडून लीज घ्यायची, उघड्या खाणीतल्या कोळशावर किमान साडेबारा टक्के रॉयल्टी द्यायची (हा आकडा आता बदललाय, पुढे सांगते). शिवाय 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात कोळशाच्या खाणींसाठी अजून एक कायदा झाला, खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करायची आणि प्रत्येक टनामागे थोडे पैसे एका फंडात टाकायचे, ज्यातून जुन्या सोडून दिलेल्या कोळसा खाणी साफ होतात. सुरुवातीला उघड्या खाणीला टनाला 35 सेंट होते, पुढे कमी कमी होत 22.4 सेंटवर आलेत.

आता बघ. तांबं, लिथियम, निकेल हे ज्यांच्यावर इलेक्ट्रिक गाड्या आणि वायरी आणि बॅटऱ्या चालणार ते सगळं अजून 1872 मध्येच आहे. ना लीज, ना रॉयल्टी, ना साफसफाईचा फंड. म्हणजे जे खनिज जाळणं कमी करा असं सगळे म्हणतात त्याला 20 व्या शतकाचा कायदा, आणि ज्याची मागणी वाढवा म्हणतात त्याला खेचर आणि कंदिलाच्या काळातला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं 2021 मध्ये हिशोब मांडला होता की हवामानाची उद्दिष्टं गाठायची तर स्वच्छ ऊर्जेसाठी लागणारं लिथियम 2040 पर्यंत 40 पटींहून जास्त लागेल, आणि साध्या गाडीच्या तुलनेत एका इलेक्ट्रिक गाडीत साधारण 6 पट खनिजं जातात. एवढी गर्दी ज्या दरवाजातून होणार त्याची कडी 1872 ची आहे, ही माझी मुख्य तक्रार.

यावर कोणी म्हणेल की मग बरंच आहे ना, लिथियम स्वस्त पडू दे, हवामानाचं भलं होईल. मलाही काही काळ हा मुद्दा पटला होता. पण 2022 च्या शेवटी शिखरावर असलेला लिथियमचा भाव पुढच्या दोनेक वर्षांत 80 टक्क्यांहून जास्त कोसळला. ज्या बाजारात भावच असा झोके घेतो तिथे 4 नाहीतर 8 टक्के रॉयल्टीनं खाण चालणार की बंद पडणार हे ठरत नाही. ते ठरतं भावावर, कर्जावर, चीन किती माल ओततो त्यावर. रॉयल्टी नसल्यानं हवामानाला मदत होते हे म्हणणं म्हणजे नळ उघडा ठेवला म्हणून पाऊस पडला म्हणण्यासारखं.

प्रश्न: मॅडम, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ह्या पर्यावरणवाल्यांना इलेक्ट्रिक गाडी हवी, सोलर हवं, पण खाण नको. खाण काढली की लगेच कोर्टात. याला दुटप्पीपणा नाही तर काय म्हणायचं?

राग कसला दादा, अर्धा मुद्दा तुमचा खरा आहे. अर्धा.

नेवाडाच्या उत्तर टोकाला थॅकर पास म्हणून जागा आहे, मोकळं माळरान, सगळीकडे सेजब्रशची राखाडी झुडपं, आणि त्याखाली देशातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी एक लिथियमचा साठा. ट्रंप यांची पहिली टर्म संपायला पाच दिवस असताना, 15 जानेवारी 2021 ला, खाणीला परवानगी मिळाली. मग बायडेन आले, हवामानाचं नाव घेत आले, लोकांना वाटलं आता हे रद्द होईल. उलट बायडेन यांच्या सरकारनं कोर्टात त्याच परवानगीची बाजू लढवली आणि पुढे 2.26 अब्ज डॉलरचं कर्जही दिलं. विरोधात कोण होतं? एक तिथला गुरं पाळणारा, काही पर्यावरण संस्था, आणि तिथल्या मूळ रहिवासी पायूट आणि शोशोनी जमातीचे लोक, ज्यांचं म्हणणं होतं की 1865 मध्ये सैनिकांनी आमच्या पूर्वजांना याच भागात मारलं, ही आमच्यासाठी नुसती माती नाही. ते कोर्टात बहुतेक हरले. 2023 च्या मार्चमध्ये काम सुरू झालं.

यात दुटप्पी कोण ते मला तुमच्याइतकं सरळ दिसत नाही. त्या जमातींनी कोणाकडे इलेक्ट्रिक गाडी मागितली नव्हती.

आता दुसरी गोष्ट, तिथे मात्र तुमचा मुद्दा जोरात लागू होतो. नेवाडातच र्‍हायोलाइट रिज इथे लिथियम आणि बोरॉनची खाण ठरली, आणि नेमक्या त्याच मातीवर टीम्स बकव्हीट नावाचं एक रोपटं उगवतं. वीतभर उंचीचं, उन्हाळ्यात पिवळट पांढऱ्या फुलांचे गोळे येतात, कापसाचा बोळा काडीला लावावा तसे. 1983 मध्ये एका वनस्पतीतज्ज्ञाला ते सापडलं आणि अख्ख्या पृथ्वीवर ते फक्त तिथेच आहे, साधारण 10 एकरांत. 2020 मध्ये त्यातली हजारो रोपं अचानक मुळापासून उपटलेली सापडली. संस्था म्हणाल्या माणसांनी फावड्यानं उपटली, कंपनीकडे बोट गेलं, बराच गदारोळ झाला आणि शेवटी डीएनए तपासणीत निघालं की दुष्काळात तहानलेल्या उंदीर-खारींनी मुळं कुरतडली होती. 2022 च्या डिसेंबरमध्ये रोपाला धोक्यातल्या प्रजातीचा दर्जा मिळाला, आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, रोपांपासून थोडं अंतर राखून, खाणीलाही परवानगी मिळाली. दोन्ही एकाच सरकारकडून.

10 एकराचं फूल विरुद्ध लाखो गाड्यांच्या बॅटऱ्या, असा प्रश्न टाकला तर उत्तर देणं अवघड आहे आणि मी देणार नाही. पण हा प्रश्न खाण ठरल्यावर का पडतो? कारण 1872 च्या कायद्यात कुठे खणावं हे सरकार ठरवत नाही, खुंट रोवणारा ठरवतो. तेलाच्या लीजमध्ये सरकार आधी नकाशा बघून म्हणू शकतं की हा ब्लॉक देतो, हा देत नाही. इथे माणूस आधी क्लेम घेतो, पैसा ओततो, मग सरकार फूल मोजायला जातं, मग सगळे कोर्टात. 2023 च्या सप्टेंबरमध्ये बायडेन यांच्या सरकारच्या एका आंतरखात्यीय गटानं अहवालात नेमकं हेच सुचवलं, की क्लेम सोडा आणि लीजवर या, वर 4 ते 8 टक्के रॉयल्टी लावा. संसदेनं ते वाचलं असेलही.

प्रश्न: दीडशे वर्षांत एकदाही सुधारणा का नाही झाली? लॉबी म्हणून सोडून देऊ नका, नेमकं सांगा.

नेमकं सांगायचं तर दोन माणसांची गोष्ट सांगते, दोघंही डेमोक्रॅट.

पहिले निक राहाल, वेस्ट व्हर्जिनियाचे खासदार, कोळशाच्या राज्यातले. 2007 मध्ये ते हाउसच्या (म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) नैसर्गिक साधनसंपत्ती कमिटीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी 1872 बदलणारं बिल आणलं: नव्या खाणींवर 8 टक्के रॉयल्टी, चालू खाणींवर 4. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला हाउसनं ते 244 विरुद्ध 166 असं मंजूर केलं. बिल गेलं सिनेटमध्ये.

सिनेटमध्ये बहुमताचे नेते होते हॅरी रीड, नेवाडाचे. नेवाडा म्हणजे देशातलं बहुतेक सोनं जिथून निघतं ते राज्य आणि तिथली 80 टक्क्यांच्या आसपास जमीन केंद्राची. रीड यांचा जन्म सर्चलाइट नावाच्या खाणीच्या गावातला, वडील खाणीत राबणारे. सुधारणा हवी हे ते तोंडानं नाकारत नव्हते, पण हे बिल त्यांना नको होतं, आणि सिनेटच्या नेत्याला नको असलेलं बिल पटलावर येतच नाही. तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

आता पुढचं ऐका. हेच रीड कोळशाचे कट्टर विरोधक, नेवाडात नवी कोळशाची वीज केंद्रं नकोत म्हणून भांडलेले. आणि 2009 च्या जूनमध्ये जेव्हा हाउसमध्ये कार्बनवर मर्यादा घालणारं वॅक्समन-मार्की बिल आलं, 219 विरुद्ध 212 असं काठावर पास झालं, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या डेमोक्रॅट्समध्ये आपले राहाल होते. म्हणजे सोन्यावर रॉयल्टी मागणारा माणूस कोळशाच्या बाजूनं, आणि कोळशावर तुटून पडणारा माणूस सोन्याच्या बाजूनं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. गंमत म्हणजे दोन्ही बिलं मेली सिनेटच्याच दारात, कारण हवामानाचं बिलसुद्धा 2010 च्या जुलैमध्ये रीड यांनाच मतं जमत नाहीत म्हणून बाजूला ठेवावं लागलं.

मी राहाल यांना यात ढोंगी म्हणत नाही. त्यांचा युक्तिवाद असा असणार की आमचा कोळसा गेली कित्येक वर्षं पैसे भरतोय, मग सोन्याला काय सोनं लागलंय? आणि रीड यांना मत देणारे लोक खाणीत काम करतात, त्यांचा पगार बंद करून कुठला सिनेटर पुन्हा निवडून येतो? पण म्हणूनच मला हे प्रकरण पक्षाचं वाटत नाही, भूगोलाचं वाटतं. आजही तेच आहे. खाणकऱ्यांना मोकळीक देणाऱ्या बिलाच्या पुढे सध्या ज्या सिनेटर आहेत त्या कॅथरिन कोर्तेझ मास्तो, डेमोक्रॅट आणि अर्थात नेवाडाच्या.

प्रश्न: ते मोकळीक देणारं बिल म्हणजे काय?

थोडक्यात सांगते, कायद्याचा कीस आहे. खाण म्हणजे नुसता खड्डा नसतो. तांब्याचं खनिज बहुतेक ठिकाणी एक टक्क्यापेक्षाही हलकं, म्हणजे टनभर तांब्यासाठी 100 टनांहून जास्त दगड फोडायचा आणि तो उरलेला दगड कुठेतरी टाकायचा. ॲरिझोनात रोझमाँट नावाच्या तांब्याच्या खाणीला हा कचरा शेजारच्या सरकारी वनजमिनीवर टाकायचा होता. तिथेही कंपनीनं क्लेम घातले होते. कोर्ट म्हणालं, ज्या क्लेमखाली मौल्यवान काही सापडलेलंच नाही तो क्लेम कसला, 1872 चा कायदाच सांगतो की आधी खनिज सापडलं पाहिजे. 2019 ला खालच्या कोर्टात आणि 2022 ला अपील कोर्टात हाच निकाल.

म्हणजे दीडशे वर्षं खाणवाले ज्या कायद्याला कवटाळून बसले होते तोच शब्दशः लावल्यावर त्यांच्यावर उलटला! मला हा निकाल वाचताना खूप मजा आली हे कबूल करते. मग काय, लगेच कायदा बदलायची निकड लागली, कचऱ्यासाठीही जमीन वापरता यावी म्हणून बिल आलं. 2024 च्या मे महिन्यात हाउसनं ते मंजूर केलं आणि सिनेटमध्ये त्या खेपेला अडकलं. रॉयल्टी मागणारं बिल मात्र 2022 मध्ये कायद्याच्या दीडशेव्या वर्षी स्वच्छ ऊर्जेचं नाव लावून आलं आणि कमिटीतच राहिलं.

प्रश्न: परवानगीला तिकडे 29 वर्षं लागतात असं वाचलं. खरं का?

29 हा आकडा एस अँड पी ग्लोबल या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीचा आहे, 2024 चा, पण तो परवानगीचा नाही, साठा सापडल्यापासून पहिला माल बाहेर पडेपर्यंतचा आहे. त्यात पैसे उभे करणं आलं, भाव पडला म्हणून कंपनी दहा वर्षं गप्प बसली तेही आलं. अमेरिकन संसदेच्या हिशोब तपासणाऱ्या जीएओ संस्थेनं 2016 मध्ये नुसती सरकारी मंजुरी मोजली तेव्हा सरासरी निघाली साधारण 2 वर्षं, काही खाणी महिन्याभरात आणि काही 11 वर्षांत. आणि उशिराची मोठी कारणं कोणती, तर कंपन्यांनी अर्धवट कागद दिले आणि खात्यात माणसं कमी. पण भाषणात "माणसं भरा" याला टाळ्या पडत नाहीत, 29 ला पडतात.

प्रश्न: खाण संपल्यावर साफ कोण करतं?

कोळशाचं वर लिहिलं. बाकीच्यांचं हल्ली असं आहे की आगाऊ हमीची रक्कम ठेवावी लागते, पण जुन्या खाणींचे मालक मेले, कंपन्या बुडाल्या, आणि बिळं उघडी राहिली. जीएओच्याच 2020 च्या मोजणीत अशी किमान 1 लाख 40 हजार ठिकाणं निघाली, भुयारं, खड्डे, कचऱ्याचे ढीग, त्यातली सुमारे 22,500 पर्यावरणाला घातक.

कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीचं बघा. 1920 च्या दशकात बंद पडलेली. आत पाणी साचत गेलं, दगडातल्या गंधकाशी मिळून आम्ल झालं, त्यात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम उतरलं. 5 ऑगस्ट 2015 ला पर्यावरण खात्याचं पथक तिचं तोंड तपासत असताना माती सरकली आणि 30 लाख गॅलन पाणी ॲनिमस नदीत गेलं. नदी अख्खी मोहरीच्या चटणीच्या रंगाची झाली, खाली नाव्हाहो या मूळ रहिवासी जमातीच्या शेतकऱ्यांना पाटाचं पाणी बंद करावं लागलं. शिव्या खाल्ल्या पर्यावरण खात्यानं, त्या बनत्याही होत्या, पण घाण करून ठेवणाऱ्यांपैकी कोणी शिव्या खायला जिवंत नव्हता.

त्यातही एक अडचण होती, एखाद्या संस्थेनं स्वतःहून जुनी खाण साफ करायला घेतली तर प्रदूषणाची जबाबदारी तिच्याच गळ्यात पडायची, म्हणून शहाणे लोक हातच लावत नसत. 2024 च्या डिसेंबरमध्ये यावर कायदा झाला, प्रयोग म्हणून 15 ठिकाणी अशा लोकांना संरक्षण. डेमोक्रॅट मार्टिन हाइनरिक आणि रिपब्लिकन जिम रिश यांनी मिळून आणला. 25 वर्षं रखडलेलं काम आणि 15 खाणी. असो, झालं हेही खूप.

प्रश्न: आणि आता ट्रंप आल्यावर?

2025 च्या मार्चमध्ये खनिजांना झटपट मंजुरीचा आदेश निघाला. जुलैच्या मोठ्या बिलात इलेक्ट्रिक गाडीवरची साडेसात हजार डॉलरची सवलत सप्टेंबरअखेर बंद केली, आणि सरकारी कोळशावरची रॉयल्टी साडेबारावरून जास्तीत जास्त 7 टक्क्यांवर आणली. मी वर म्हटलं ना की कोळशाला एक न्याय आणि लिथियमला दुसरा, तर ती विषमता अशी कमी झाली, लिथियमवर लावून नाही तर कोळशावरची उतरवून! पोलाद बनवायच्या कोळशाला तर खनिज उत्पादनाच्या करसवलतीतही घुसवलं, तीच सवलत जी मुळात बॅटरीच्या खनिजांसाठी 2022 च्या हवामान कायद्यात केली होती.

आणि सरकारनं थॅकर पासच्या कर्जाच्या अटी बदलताना कंपनीत 5 टक्के आणि खाणीच्या प्रकल्पात 5 टक्के हिस्सा घेतला. रॉयल्टी म्हटली की समाजवाद आणि शेअर घेतला की धंदा. मला विचाराल तर रॉयल्टी बरी, ती सगळ्या खाणींना सारखी लागते आणि कोणता मंत्री खुर्चीत आहे यावर अवलंबून नसते.

प्रश्न: बाकीचे देश घेतात का रॉयल्टी?

जवळपास सगळे. पश्चिम ऑस्ट्रेलिया सोन्यावर अडीच टक्के घेतं, चिलीनं 2023 मध्ये मोठ्या तांब्याच्या खाणींची वाढवली, आणि आपल्या 1957 च्या खाण-खनिज कायद्यातही आहेच. अमेरिकेत खासगी जमिनीखालचं सोनं असलं तर तो मालकही घेतो. अहो, कोळशावर अमेरिकन सरकार स्वतः घेतं, अजून काय उदाहरण देऊ.

प्रश्न: ताई, हसू नका. माझा मुलगा तिकडे ग्रीन कार्डवर आहे. तो अशी खुंटी रोवू शकतो का?

हसले थोडं, पण प्रश्न चांगला आहे. कायद्यात लिहिलंय की अमेरिकेचा नागरिक किंवा नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेली व्यक्ती. तेव्हा चिरंजीवांनी तो कागद आधी बघावा. राष्ट्रीय उद्यान, लष्करी जागा, आरक्षित जमीन यात चालत नाही, आणि जिथे खनिज खरंच सापडलंय तिथेच क्लेम टिकतो, नुसता व्ह्यू छान आहे म्हणून नाही. तिथे घर बांधून राहायला मिळत नाही हेही सांगून ठेवा, बरेच लोक त्यासाठीच घेतात आणि मग नोटीस येते. आणि फी दरवर्षी 1 सप्टेंबरपर्यंत भरायची. एक दिवस उशीर झाला तरी क्लेम रद्द, आणि दुसऱ्या दिवशी कोणीही येऊन त्याच जागी आपले खुंट ठोकू शकतो.